एकाच कागदात दोन कामं

मी, भागवत रामकिशन बोंढारे, वय सत्तावीस, शिक्षण दहावी (दुसऱ्या खेपेला), धंदा हळद शिजवणे आणि वाटेत मिळेल ते, राहणार आखाडा बाळापूर, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली, हा कागद माझ्या मर्जीनं लिहितो. कोणी धाकात घेतलेलं नाही, नशा केलेली नाही, भांडणाच्या भरातही नाही. डोकं ठिकाणावर आहे. पाय ठिकाणावर नसतात, पण कायदा पायांचं विचारत नाही, असं वकीलसाहेबांनी सांगितलं.

वकीलसाहेब म्हणजे कळमनुरीचे व्यंकटराव. नोटरीचा शिक्का त्यांच्याकडेच आहे. त्यांनी मला छापील नमुना दिला होता, पण त्यात माणसाला बोलायला जागाच नव्हती. मी कोरे कागद मागितले. साहेब म्हणाले, "लिही बाबा, पण कलमं पाड. आणि अर्ध्यात टाकून निजामाबादला जाऊ नकोस." निजामाबादचं पुढं येईल.

मला काही आजार नाही. मरायची घाई तर मुळीच नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही, त्यामुळं रद्द करायलाही काही नाही. सत्ताविसाव्या वर्षी हे काहून सुचलं, असं ज्याला वाटेल त्यानं कलम चार वाचावं.

कलम १. जमीन व खोली.

माय वारली तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. मला मामानं वाढवलं, दगडोबा मगर यांनी. मामानं बहिणीचा हिस्सा म्हणून आपल्या रानातले वीस गुंठे मायच्या नावावर करून दिले होते, वस्तीच्या कडेला. ते आता माझ्या नावावर आहेत, त्यावर पत्र्याची एक खोली आहे. माझ्या मागं हे वीस गुंठे ग्रामपंचायतीला द्यावेत, आणि ते हळद वाळवायलाच ठेवावेत. शिजवलेली हळद पंधरा दिवस उन्हात पसरावी लागते. ज्याच्याकडं खळं नाही तो डांबरी रस्त्यावर पसरतो, मग तिच्यावरून गाड्या जातात आणि शिव्या दोन्हीकडून होतात. त्या जागेवर सभामंडप बांधू नये. माझ्या नावाची पाटी लावू नये. खोलीत ताडपत्र्या ठेवाव्यात, अवकाळी आला की धावपळ होणार नाही.

कलम २. मोटारसायकल.

ही मी, जिथं बंद पडेल तिथल्या मेकॅनिकला देणार होतो. साहेब म्हणाले, असं चालत नाही, नाव लागतं. तर नाव देतो: माझे वडील रामकिशन, राहणार वसमत. माय गेल्यावर त्यांनी दुसरा संसार मांडला आणि मला मामाच्या दारात सोडताना म्हणाले, "रविवारी येतो, तुला औंढ्याच्या जत्रेला नेतो." रविवार पुष्कळ झाले. मोटारसायकल त्यांना द्यावी आणि सांगावं, औंढ्याला जाऊन या. तीस किलोमीटर तर आहे. हा राग मी बरोबर नेत नाही, गाडीबरोबर त्यांच्याकडं देतो. गाडीचा मागचा ब्रेक लागत नाही, हेही सांगावं.

कलम ३. पान्यांचा डबा, आणि बॉयलरबाबत खुलासा.

पान्यांचा डबा मामाचा. मामानं तो माझ्या हातात दिला होता, पण तो सुमनबाई मामीच्या बॉयलरवर जो कोणी माणूस राहील त्याला द्यावा. सतराचा पाना त्यात नाही. तो कामारेड्डीच्या एका हॉटेलात राहिला, शोधू नये.

बॉयलर म्हणजे हळद शिजवायचा. ट्रॅक्टरला जोडून गावोगाव न्यायचा, ढोलांत ओली हळद भरायची, वाफ सोडायची. ह्या बॉयलरवर माझा हक्क नाही, नव्हता, माझ्या नावानं कोणी पुढं सांगूही नये. तो सुमनबाई आणि त्यांची मुलगी कोमल यांचाच आहे.

हळद शिजली का हे वाफेवरून कळत नाही. वाफ सगळ्यांचीच जोरात असते. मामा ढोलातून एक कांडी काढायचे आणि बाभळीची बारीक काडी तिच्यात टोचायचे. काडी आरपार गेली की म्हणायचे, "काढा आच." त्यानंतर एक मिनिटसुद्धा जास्त नाही. नवखा माणूस म्हणतो, राहू द्या की जरा, काय बिघडतं. बिघडतं. रंग मळतो, आणि मग कितीही पॉलिश मारा, बाजारात दलाल हातात घेऊन नुसतं पाहतो आणि ठेवून देतो.

कलम ४. मामाचा कागद.

गेल्या वर्षीच्या डिसेंबरात मी आणि मामा वारंगा फाट्यावर अमृतरावांच्या हॉटेलात चहा पीत होतो. अमृतराव मोबाईलवर बातम्या लावतात आणि गिऱ्हाइकाला स्वतःच समजावून सांगतात. त्या दिवशी म्हणाले, "दगडोबा, ऐकलं का? विलायतेच्या पार्लमेंटात नवा कायदा मांडलाय. दुखणं बरं व्हायचं नसलं तर माणसानं अर्ज करायचा, डॉक्टर मरायचं औषध देणार."

मामा म्हणाले, "अर्ज मंजूर व्हायला किती दिवस लागतेत?"

"तिकडं काय, पटकन होत आसल."

"मग आपल्याकडं नको. आपल्याकडं मंजुरी येईस्तोर वर्षश्राद्ध व्हईल."

सगळे हसले. पण परतताना मामा गाडीवर मागून म्हणाले, "भागवत, मला औषध-बिषध नको. पण वाट अडवून धरू नका रं." मामाच्या थोरल्या भावाला नांदेडला सव्वा महिना नळ्या लावून ठेवलं होतं. शेवटी त्यांना आपलं नाव सांगता येत नव्हतं, पण डोळे दाराकडं असायचे. मामाच्या मनातून ते गेलं नव्हतं.

आम्ही व्यंकटराव साहेबांकडं गेलो. साहेबांनी सांगितलं, आपल्याकडं डॉक्टरनं औषध देऊन मारायला परवानगी नाही. पण बरं व्हायची आशा संपली तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नका, असं शुद्धीत असताना लिहून ठेवता येतं. दोन साक्षीदार लागतात आणि नोटरीचा शिक्का. "कच्चं लिहून आणा," म्हणाले, "मग बघू."

माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं. मी वहीचं पान काढलं आणि आमची चूक तिथं झाली. मामा म्हणाले, "शिक्का मारून घेणारच हाव, तर बॉयलरचंबी त्यातच घाल. घडीघडी कचेरीत कोण जातं?" हंगामात एका फेरीत दोन गावांची कामं उरकायची आमची सवय. मी लिहिलं: माझ्या मागं बॉयलर भागवतला. आणि त्याच्या खाली लिहिलं: मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, घरी आणावं, सुमनच्या हातचं पाणी पाजावं. खाली मामानं सही केली. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता ते पान डोळ्यांपुढं आलं की मला फक्त वरची ओळ दिसते.

जानेवारीत सोमवार ठरला. मामा दोन साक्षीदार घेऊन बाळापूरहून कळमनुरीला जाणार, मी वसमतहून बॉयलरचा व्हॉल्व्ह घेऊन परस्पर तिकडं येणार. कागद माझ्या थैलीत होता. वसमतला मार्केट यार्डापुढं मला निजामाबादची हळद शिजवणारी टोळी भेटली. त्यांच्या टेम्पोत जागा होती, त्यांच्याकडं चार ढोलांचा नवा बॉयलर आला होता, आणि मी तो पाहिला नव्हता. इतकंच कारण. दुसरं असतं तर लिहिलं असतं. म्हटलं, दोन दिवसांत येतो. विसरलो, असं म्हणणं सोपं आहे. मी विसरलो नव्हतो. तिकडं दुपारी पोत्यांवर आडवा व्हायचो तेव्हा थैली डोक्याखाली असायची आणि कागद तिच्यात आहे हे मला माहीत असायचं.

सव्वीस दिवसांनी परत आलो. मामा ओट्यावर बसलेले. म्हणाले, "तिकडची हळद कशी हाय?"

मामी मात्र बोलली. "चार वाजेस्तोर बसले तिथं कोर्टात. साक्षीदार दोनदा जेवून आले. तुला काई वाटतं का न्हाई रं?"

मी म्हटलं, उद्याच जाऊ. मामा म्हणाले, "आता आपली हळद निघून राहिली. हंगाम सरला की जाऊ." बॉयलर पेटला की आमच्याकडं कोणी जागा सोडत नाही, लग्नालासुद्धा नाही. म्हणून राहिलं.

एप्रिलच्या आठ तारखेला मामा ढोलाजवळ बसले आणि उठले नाहीत. मेंदूत रक्त सांडलं होतं. नांदेडला नेलं, तिथं व्हेंटिलेटर लावला. तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, आता शुद्ध येईल असं वाटत नाही. मी थैलीतून पान काढून त्यांना दिलं. त्यांनी नीट वाचलं, हे खरं सांगतो. म्हणाले, "साक्षीदार नाहीत, शिक्का नाही. ह्याच्यावर मला काही करता येत नाही. घरचे सगळे एकमतानं म्हणाले तर त्याची वेगळी पद्धत आहे, डॉक्टरांच्या समित्या बसतात." मग त्यांनी पान कोमलच्या हातात दिलं.

कोमल माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, हिंगोलीत मेडिकलवर काम करते. आम्ही एका ताटात जेवलेले. तिनं वाचलं आणि विचारलं, "वर बॉयलर तुझ्या नावावर. खाली बाबांना सोडून द्या. अक्षर तुझं. साक्षीदार कोणीच न्हाई. तूच सांग भागवत, मी काय समजू?"

"मामानं सांगितलं तसं लिहिलंय."

"मग शिक्का काहून न्हाई?"

मी काय सांगणार होतो? नवा बॉयलर पाहायला गेलो होतो?

एकमत झालं नाही. बावीस दिवस गेले. पहिल्या आठवड्यात मामाचा एक हात हलायचा. तो नळीकडं जायचा, म्हणून पट्टीनं पलंगाला बांधला. पट्टी मी सैल करायचो, सिस्टर येऊन पुन्हा घट्ट करायच्या. त्यांचं काम होतं ते. त्या बावीस दिवसांचा दोष मी कोणत्या दवाखान्याला देत नाही. तो माझ्याकडं आहे.

शेवटी भावकीनं ठरवलं, घरी न्या. विजयकुमारची अँब्युलन्स होती. नळीला श्वास द्यायची रबराची पिशवी जोडली आणि ती मी दाबायची, असं ठरलं. दाबायची, सोडायची, मनात तीन मोजायचे, पुन्हा दाबायची. नांदेडपासून अर्धापूर, वारंगा फाटा, बाळापूर. मामा त्या रस्त्यानं माझ्या मागं शेकडो वेळा बसून आले असतील, पण इतक्या हळू आम्ही कधी आलो नव्हतो.

घरी आणून अंगणात ठेवलं. मामीनं पाणी पाजलं, ओठ ओले झाले. आता मी थांबायचं होतं. सगळे माझ्या हाताकडं पाहत होते. कोमल समोर उभी होती. मी थांबलो नाही. दीड तास दाबत राहिलो. ज्यानं कागद लिहिला त्यालाच हात उचलता येईना. विजयकुमार एकदा म्हणाला, "भौ, दमला आसशील, मी घेऊ का?" मी मानेनंच नको म्हटलं. कोण म्हणत होतं पोरगं भ्यालं, कोण म्हणत होतं सोडंल कसा, लोक पाहून राहिलेत.

मग मामी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "भागवत, काडी आरपार गेली रं लेकरा. आच काढ."

मी हात काढला. त्यानंतर मामानं चार श्वास घेतले. ते त्यांचे स्वतःचे होते, कोणी दिलेले नव्हते. मी मोजले.

कोमल म्हणाली, "झालं आता तुझ्या मनासारखं?" त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. फाट्यावर अमृतरावांनी गिऱ्हाइकांना सांगितलं, "भाच्यानं पिशवी सोडली, बॉयलर लिहून घेतला व्हता म्हणे." अमृतरावांवर माझा राग होता. तो कसा मिटवला ते साक्षीदारांच्या यादीत दिसेल.

कलम ५. होणाऱ्या कायद्याबाबत.

विलायतेत तो कायदा होईल का ते मला माहीत नाही. आपल्याकडं कधी आला, तर माझ्यासाठी कोणी औषध मागू नये. मामानं मागितलं नव्हतं, मीही मागत नाही. पण ज्याला सोसवत नाही त्याला मागू द्यावं, त्याला भित्रा म्हणू नये. आपण दुखणं पाहतो, तो ते भोगतो.

फक्त, कायदा करणारांना माझ्यासारख्याचं ऐकायचं असलं तर एवढंच सांगीन: मरणाऱ्याचा शब्द आणि त्याची मालमत्ता एका पानावर येऊ देऊ नका. आणि तो शब्द ज्याच्या हाती द्याल त्याला आधी विचारा, तू सोमवारी कुठं असशील?

कलम ६. माझ्या इलाजाबाबत, आणि कोमलला काही न देण्याबाबत.

माझ्या इलाजाचा कागद वेगळा केला आहे. आशा संपली तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये, असं त्यात आहे. त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत राहील. मी बेशुद्ध असलो तर माझ्या वतीनं कोणी बोलायचं, ते नाव त्यात लागतं. मी कोमलचं नाव दिलं आहे.

मला वीस गुंठेही कोमलला द्यायचे होते, मामाच्या रानातलेच ते. साहेबांनी चष्मा काढला. "जिच्या हातात तुझा श्वास देतोस तिलाच जमीन देतोस? तुमच्या घरात एकदा हे झालंय ना रे?" म्हणून स्पष्ट लिहितो: ह्या मृत्युपत्रानं कोमल दगडोबा मगर हिला एक वीतभर जागा, एक पाना, एक ताडपत्रीही मिळत नाही. मुद्दाम. तिच्या बोलण्यावर उद्या कोणी बोट ठेवू नये म्हणून. मला तिला सगळ्यांत मोठं जे देता येत होतं ते हेच.

पण तिची संमती लागते. मी फोन केला, सात महिन्यांनी. तिनं उचलला. मी सगळं सांगितलं. मग म्हणाली, "म्हणजे तुला सोडून द्या, असं मी सांगायचं?"

"तसं वाटलं तर."

"आन् मला तसं न्हाई वाटलं तर? मी नळ्या ठेवा म्हटलं तर?"

"तर ठेव. तू म्हणशील ते. दुसऱ्या कोणाचं 'हो' नको मला, तुझं 'न्हाई' चालंल."

फोनमध्ये मेडिकलवरचे आवाज येत होते, कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग म्हणाली, "कधी यायचं ते सांग. आन् तू आसशील का तिथं?"

कलम ७. हे कलम कळमनुरीत, वकीलसाहेबांच्या टेबलावर लिहीत आहे.

मी साडेदहालाच येऊन बसलो होतो. कोमल अकराला आली. इलाजाच्या कागदावर सही करण्याआधी तिनं हे मृत्युपत्र मागून घेतलं आणि सगळं वाचलं. मोटारसायकलवर हसली. कलम चार दोनदा वाचलं. मग पानं माझ्यापुढं सारली. "हे आर्धंच हाय. लिही पुढं, मी सांगते."

तिनं सांगितलं ते, तिच्या शब्दांत:

"संक्रांतीला बाबा मला म्हणाले होते, भागवतपाशी कागद दिलाय, त्यात काय हाय ते तुला ठाऊक आसू दे. मग तोंडानं सगळं सांगितलं, नळ्या नको, घरी आणा, मायच्या हातचं पाणी. बॉयलरचंबी सांगितलं, मी हो म्हटलं. कागद खरा हाय हे मला दवाखान्यात पान हातात आलं तेव्हाच ठाऊक होतं. त्याच्यावर शिक्का न्हाई हे पाहून मला बरं वाटलं. मला बाबा पाहिजे होते. नुसतं पाहायला का व्हईना."

व्यंकटराव साहेब म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्रात बसत नाही."

"बसवा साहेब."

मी पेन खाली ठेवला. म्हटलं, कोमल, हे कशाला, लोक वाचतील, कलम चारमध्ये बावीस दिवसांचा दोष माझ्या नावावर आहे तो राहू दे. ती पेन उचलून माझ्या हातात देत म्हणाली, "तू एकदा तरी कागद पुरा कर."

म्हणून पुरा केला.

वरील सात कलमं मी स्वतः लिहिली, वाचून पाहिली, आणि दोन्ही साक्षीदारांसमक्ष खाली सही करतो. अंमल व्यंकटराव साहेबांनी करावा. साक्षीदारांपैकी कोणालाही ह्या कागदानं काही मिळत नाही.

लिहून ठेवणार: भागवत रामकिशन बोंढारे (सही)

साक्षीदार पहिला: अमृतराव, हॉटेल, वारंगा फाटा (सही). ह्यांना सातही कलमं मोठ्यानं वाचून दाखवली आहेत. आता फाट्यावर सांगायचंच झालं तर हे सांगावं.

साक्षीदार दुसरा: विजयकुमार, अँब्युलन्स चालक, नांदेड (सही). कलम चारमधलं अंगणातलं सगळं ह्यांनी पाहिलं आहे.

कोमल दगडोबा मगर हिची सही इलाजाच्या कागदावर झाली आहे. ह्या कागदावर ती घेतलेली नाही.

ठिकाण: कळमनुरी, जिल्हा हिंगोली
तारीख: १६ डिसेंबर २०२५